ब्रेकफास्टचं माहेर

रोवेनाने बरणीचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, हिला शिंक येतेय.

"बर्डी," ती म्हणाली, "वास घे."

मी घेतला. संत्रं सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो आणि डोळ्याला झोंबतो, तो वास. त्याच्या मागे थोडी मिरी. आणि अगदी शेवटी ओल्या लाकडाचा. आमच्या रिजवरच्या, म्हणजे या डोंगरधारेवरच्या, कुणालाही डोळे बांधून हुंगायला दिला असता तरी ओळखता आला असता.

"तुझाच आहे," मी म्हणाले. "स्टॉल लावलायस हे बोलली नाहीस."

"मी लावलेलाच नाही."

सुगीची जत्रा होती. अग्निशमन दलाच्या हॉलमधून बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. गांजाची विक्री कायदेशीर होऊन दुसरं वर्ष चाललं होतं, त्यामुळे जी माणसं आयुष्यभर ताडपत्रीखाली लपवून पीक घेत आली ती आता बरण्या मांडून, गळ्यात ओळखपत्रं अडकवून बसली होती. कुणाच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद दिसत नव्हता. समोरच्या टेबलावरची मुलगी खालच्या शहरातल्या दुकानाची होती. बरणीवर लिहिलं होतं, ‘लाला’.

"हे कुठून आणलंत?" रोवेनाने विचारलं.

"दक्षिणेतून, सिएरा डोंगराच्या पायथ्याशी एक शेत आहे. छान आहे ना? एकदम फ्रेश."

"लाला म्हणे," रोवेना माझ्याकडे वळून पुटपुटली. "चोरायचं ते चोरायचं, वर कुत्रीचं नाव ठेवायचं."

मी तिला गाडीतून घरी सोडलं. फाटकाशी उतरताना ती म्हणाली, "हॉलिस. दुसरं कोण?"

हॉलिसचं नाव का आलं, ते सांगायला हवं.

हे झाड मूळ मर्लचं. मर्ल पाइक, रोवेनाचा नवरा. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ‘ब्रेकफास्ट’ हे नाव त्यानेच ठेवलं, कारण वास न्याहारीच्या टेबलावरचा आणि गुणही सकाळचा. रिजवर बाकी जो गांजा पिकतो तो बहुतेक बुटका, रुंद पानांचा, ओढला की माणूस सोफ्यात रुतून बसतो. ब्रेकफास्ट सटायव्हा जातीचा. वळचणीच्या वर डोकं काढणारा, पानं बोटांपेक्षा बारीक, आणि फुलायला इतका आळशी की सगळ्यांचं पीक वाळून बरण्यांत गेलं तरी हा आपला हिरवागार उभा. ऑक्टोबरचा पाऊस लागला की तुऱ्यांना बुरशी धरेल म्हणून मर्ल आणि रोवेना रोज पहाटे फांद्या हलवून दव झटकत. एवढी मेहनत कुणी घेईना, म्हणूनही तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

दोन झुरके घेतले की माणूस उठतो आणि कपाटं आवरायला काढतो. गळका नळ दुरुस्त करतो, रुसलेल्या बहिणीला फोन लावतो. पण चार-पाच झाले की तोच गुण उलटतो. कान टवकारतात. खालच्या रस्त्याला गाडी वळली की ती आपल्याकडेच येतेय असं वाटतं. समोरचा हसला तर का हसला, गप्प बसला तर का गप्प बसला. मर्ल पाहुण्यांच्या हातातून चिलीम काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "बस झालं, आता तुला पोलीस दिसायला लागतील."

हे झाड आलं कुठून, ही मर्लची आवडती गोष्ट. कुणाच्या अंगणात जेवायला जमलो की तो ती सांगायचाच. एका खलाशाने थायलंडहून बी आणलं, मर्लने ते ओढ्याकाठी मेक्सिकन झाडांशी जुळवलं, शेकडो रोपांतून हे एक निवडलं. कधी खलाशी नॉर्वेचा असायचा, कधी त्याला एक डोळा नसायचा. रोवेना लग्न होऊन रिजवर आली तेव्हा झाड आधीपासूनच होतं, तिनेही ती गोष्ट इतरांसारखीच ऐकली.

मग हेलिकॉप्टरांची वर्षं आली. सुगीच्या तोंडावर सरकारी माणसं दोरावरून खाली उतरायची आणि शेतंच्या शेतं उपटून न्यायची. ब्रेकफास्टचं बी मर्लने धरलं नव्हतं. एका आईझाडाच्या फांद्या तोडून, त्या रुजवून तो दर वर्षी लागवड करायचा. ते आईझाड गेलं की सगळं संपलं. म्हणून त्याने एक रुजलेली फांदी घळीपलीकडच्या हॉलिस ट्रेडवेला दिली. हॉलिस लाकूडतोड्या होता, बोलायला कंजूष, वागायला सरळ. त्याने ती आपल्या बंद शेडमध्ये दिव्याखाली जपायची आणि कुणाला पानही द्यायचं नाही, असं ठरलं. तेव्हापासून दर सुगीला तो रोवेनाला सांगायचा, "तुझी पोरगी मजेत आहे." रोवेनाने ती पोरगी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्याचं झाड दाखव म्हणायचं नाही, ही त्या काळातली रीत.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी रोवेनाने ती रीत मोडली. मला बरोबर घेऊन गेली, साक्षीदार म्हणून.

हॉलिस फाटकाच्या आत करवतीची साखळी घासत बसला होता. कुत्रा भुंकला, त्याने पायाने गप्प केला.

"हॉलिस, शेड उघड," रोवेना म्हणाली.

"नमस्कार तरी कर."

"शेड उघड. मला माझं झाड बघायचंय."

हॉलिसचा हात थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तिथे काहीतरी हललं आणि लगेच बंद झालं.

"आज का?"

"आज का? कारण खाली शहरात बरणीत भरून विकतायत ते! लाला नाव ठेवलंय. तुझ्याशिवाय कुणाकडे होती फांदी? बोल ना."

"मी कुणाला दिलेली नाही."

"मग दाखव."

"नाही दाखवणार."

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही," हॉलिस म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा येतेस ती पोलीस होऊन. जा घरी, रोवेना."

"बघितलंस?" परत येताना वाटेत ती मला म्हणाली. "ज्याचं मन साफ आहे तो दार उघडतो. दोन मिनिटांचं काम होतं."

मलाही तेच वाटलं होतं.

रिजवर बातमी पसरायला फोन लागत नाही. आठवडा संपायच्या आत दोन तट पडले. काही म्हणत, हॉलिसने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, नवा ट्रक घेतला, लाकडांवर एवढं होतं का? काही म्हणत, रोवेनाला विक्रीचा परवाना मिळत नाही म्हणून ती खापर फोडायला डोकं शोधतेय. एका घरी जेवायला जमलो तर हॉलिस येताच रोवेनाने आपण करून आणलेलं बीन्सचं भांडं उचललं आणि चालू लागली. हॉलिसने रिकाम्या जागेकडे पाहिलं, ताटात काही न घेता उभ्याउभ्या कॉफी प्यायला आणि तोही गेला. यजमानीण बिचारी कोशिंबीर ढवळत राहिली.

रोवेनाने आपल्या शेडला दुसरं कुलूप लावलं. मग फाटकाला साखळी आली. तुरे कातरायला दर वर्षी येणाऱ्या दोघी बायकांना तिने नकोत म्हणून कळवलं आणि एकटीच कात्री घेऊन बसू लागली. शेजारी चिलीम असायची. मी जायची तेव्हा तिची बोटं चिकाने काळी झालेली, घरभर संत्र्याचा वास, आणि ती खिडकीतून रस्त्याकडे बघतेय.

"खूप ओढतेयस," मी म्हणाले.

"डोकं चालतं."

"चालतं नाही, पळतं. मर्ल असता तर चिलीम काढून घेतली असती."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे बारीक करून, नवीनच कुणी आल्यासारखी. "बर्डी, मागच्या वसंतात मी दवाखान्यात होते तेव्हा शेडची किल्ली तुझ्याकडे होती."

"होती. पाणी घालायला तूच दिली होतीस."

"तुझा भाचा आला होता ना तेव्हा? दक्षिणेकडचा?"

"फ्रेस्नोला असतो तो. दात काढायला आला होता!"

"फ्रेस्नो म्हणजे सिएराचा पायथाच."

मी उठले, कोट घातला. इतकी वर्षं मी त्या बाईच्या घरी घरच्यासारखी मागच्या दाराने जात होते. "रोवेना," मी म्हणाले, "आज माझ्या भाच्यापर्यंत आलीस. उद्या कुत्र्यापर्यंत जाशील. बरणीवर शेताचं नाव लिहिलेलं असतं, कायदाच आहे तसा. जाऊन विचार ना त्या माणसालाच, तुझं झाड त्याला कुणी दिलं ते. मी गाडी चालवते. आणि माझं नाव निघालं तर तिथेच उतरव मला."

तिने हातातला तुरा कातरून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सोमवारी निघू."

रेडवूडच्या उंच झाडांची राई सोडून खाली उतरलं आणि दक्षिणेला लागलं की आकाश मोठं होत जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही संत्र्यांच्या बागांमधून चाललो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळं लगडलेली, शिड्या लावून माणसं तोडणी करत होती. रोवेनाने काच खाली केली आणि लगेच वर घेतली. तिला तो वास नको होता.

शेत टेकडीच्या पोटाशी होतं. जाळीचं कुंपण, कॅमेरे, आणि आत एक निळं घर. एलियाझर लुसेरो नावाचा चाळिशीचा माणूस बाहेर आला. फाटक त्याने उघडलं नाही.

"काय पाहिजे?"

"तुमचं ते लाला," रोवेना म्हणाली, "ते माझं आहे."

"अच्छा." त्याने आमच्या मागे रस्त्यावर नजर टाकली. "वकील कुठे बसलाय? गाडीत?"

"वकील कशाला? मला फक्त एवढंच सांगा, फांदी कुणी दिली. हॉलिस ट्रेडवेने?"

"कोण हॉलिस? बाई, दोन महिन्यांपूर्वी एका कंपनीचा माणूस असाच आला होता. हेच म्हणाला, आमची जात आहे, नाव नोंदवणार आहोत. तुम्ही त्याच्याच ना?"

रोवेनाने पिशवीतून छोटी बरणी काढली आणि जाळीतून आत सरकवली. त्याने झाकण उघडलं. हुंगलं. त्याचा चेहरा पडला, आणि मग रागाने लाल झाला.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?" आता तो विचारत होता.

"हेच तर मी विचारतेय!"

तेवढ्यात निळ्या घराच्या पडवीतून एका म्हातारीने हाक मारली. खुर्चीत बसलेली, पायांवर घोंगडी. एलियाझरने स्पॅनिशमध्ये सांगितलं की काही नाही आई, दोन गोऱ्या बायका आहेत, घालवतो. मला थोडं स्पॅनिश येतं. शाळेची गाडी चालवायचे तेव्हा पोरांकडून शिकले. पण मी तसं दाखवलं नाही. त्या क्षणी मीही कुणावर विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत नव्हते.

म्हातारीने बरणी मागवली. नाकाशी धरली, एक तुरा काढून बोटांत चुरला, पुन्हा नाकाशी नेला. मग आमच्याकडे बघत मुलाला म्हणाली, "ह्या चोराच्या कोण? बायका की बहिणी?"

"आई म्हणते, आत येऊन बसा," एलियाझरने आम्हाला सांगितलं.

"आई असं म्हणाली नाही," मी म्हणाले.

म्हातारी माझ्याकडे बघून हसली. समोरचे दोन दात नव्हते. "बघ, हिला कळतं," ती मुलाला म्हणाली. "आता नीट सांग सगळं. पदरचं घालू नकोस."

ती डोन्या लाला, म्हणजे लालाबाई. बरणीवरचं नाव तिचंच होतं. रोवेनाला ते कळलं तशी ती कानापर्यंत तांबडी झाली आणि पायरीवर बसली.

डोन्या लालाने जे सांगितलं ते असं. बी तिच्या वडिलांनी मिचोआकानच्या डोंगरातून आणलं, अंगरख्याच्या शिवणीत घालून. ओढायला नाही, औषधाला. ओल्या फांद्या दारूच्या अर्कात मुरवायच्या आणि ते पाणी गुडघ्यांना, पाठीला चोळायचं. दिवसभर शिडीवर उभं राहून तोडणी करणाऱ्यांना संध्याकाळी तेच लागायचं. घरामागे संत्र्यांच्या आड दोन-चार झाडं असायची, उंच आणि सडपातळ. वासावरून कुणाला पत्ता लागत नसे, कारण अवघा गावच संत्र्याचा वास मारायचा. नाव असं काही नव्हतंच. घरात म्हणायचे, ‘ती उंच’.

"एका हिवाळ्यात एक गोरा पोरगा तोडणीला आला," ती म्हणाली. "केस इथपर्यंत. झोपायला जागा नव्हती म्हणून माझ्या नवऱ्याने मागच्या खोलीत ठेवला. चांगला होता. फळ ओढायचा नाही, कात्रीने देठ कापून अलगद पिशवीत ठेवायचा. माझ्या हातचं खायचा आणि ताट स्वतः धुवायचा. त्याच खोलीत तुरे वाळत टांगलेले असायचे, बियांसकट. वसंतात एक दिवस तो न सांगता गेला. मी खोली झाडायला गेले तर एक जुडी कमी."

एलियाझर इंग्रजीत सांगत होता, मी त्याच्या मागोमाग तपासत होते. या वेळी त्याने काही गाळलं नाही.

"नाव काय होतं त्याचं?" रोवेनाने विचारलं.

"आम्ही ‘गुएरो’ म्हणायचो. गोरा. नाव कोण लक्षात ठेवतो? फोटो आहे का तुझ्या माणसाचा?"

"नाही," रोवेना म्हणाली.

तिच्या पाकिटात मर्लचा फोटो होता. लग्नाच्या आधीचा, ट्रकच्या टपावर बसलेला, केस खांद्यावर. मी तो शंभरदा पाहिला होता.

डोन्या लालाने खांदे उडवले. एलियाझर मात्र उठून उभा राहिला. "झालं ना? आता बरणी घेऊन जा आणि कंपनी असेल तर तिला सांगा, आमच्या घरात साक्षीला आजी-आजोबांपासूनचे लोक आहेत."

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली फिरवली नाही. रोवेना समोर बघत होती.

"थायलंड," ती म्हणाली. "एका डोळ्याचा खलाशी. तीस वर्षं मी शेजारी बसून हसत होते, बर्डी. आणि तो काय विचार करत असेल, की ही किती सहज फसते?"

"गोष्ट रंगवून सांगायचा तो. तुला फसवायला नाही सांगितली."

"मग कुणाला?"

ती दार उघडून उतरली. मी मागे गेले. जाळीपाशी उभं राहून तिने पाकिटातून फोटो काढला आणि एलियाझरच्या हातात दिला. तो पडवीत घेऊन गेला. डोन्या लालाने चष्मा मागवला, फोटो दूर धरला, जवळ धरला.

"हाच," ती म्हणाली. "गेला का?"

"गेला."

"देव त्याचं भलं करो." तिने फोटो परत दिला नाही, मांडीवर ठेवला. "माझ्या नवऱ्याने दिलंही असेल. तो कुणालाही काहीही काढून द्यायचा, मला नंतर कळायचं. तोही गेला, आता विचारणार कुणाला? पण पोराने मला विचारलं असतं ना, तर मी दिलं असतं. अख्खी जुडी दिली असती. तेवढंच मला लागलं."

रोवेना तिच्या समोर उभी होती. "मी आले ती तुम्हाला चोर ठरवायला," ती म्हणाली.

"माहितेय. फाटकातून ओरडत होतीस," डोन्या लाला म्हणाली. "बस आता. जेवून जा."

जेवताना एलियाझर हळूहळू सैल झाला. डुकराच्या मांसाचा हिरवा रस्सा होता, भाकऱ्या गरम होत्या. त्याने रोवेनाला विचारलं की बुरशीचं तुम्ही काय करता, आणि रोवेनाने फांद्या हलवायची पद्धत हाताने करून दाखवली. "आमच्याकडे तो त्रासच नाही," तो म्हणाला, "हवा कोरडी." त्याच्या बोलण्यात थोडा तोरा होता आणि रोवेनाने तो चालवून घेतला. निघताना डोन्या लालाने तिला अर्काची बाटली दिली, गुडघ्यांसाठी. फोटो मागायला रोवेना विसरली नव्हती, पण तिने मागितला नाही.

रिजवर पोचलो तसं ती म्हणाली, घरी नको, आधी हॉलिसकडे.

हॉलिस याही वेळी फाटकाच्या आतच होता. तिने एका दमात सगळं सांगितलं, लाला, मर्ल, जुडी, सगळं. शेवटी म्हणाली, "मी तुझ्यावर आळ घेतला. चारचौघांत भांडं उचलून गेले. चुकले मी, हॉलिस."

हॉलिसने टोपी काढली, पुन्हा घातली. वाटलं होतं त्याचा जीव हलका होईल, पण तो आणखीच कावराबावरा झाला.

"चल," तो म्हणाला. "शेड उघडतो."

"आता गरज नाही रे."

"गरज आहे."

त्याने कुलूप काढलं. आत करवती होत्या, एक मोडकं वॉशिंग मशीन, टायर. दिव्याची दांडी छताला होती, त्यावर जाळी धरलेली. झाड नव्हतं. तिथे वर्षानुवर्षं झाड नव्हतं हे कुणालाही दिसलं असतं.

"पहिल्याच हिवाळ्यात लाल कोळ्यांची कीड लागली," हॉलिस म्हणाला. "सगळं करून पाहिलं, साबणाचं पाणी, काय काय. वसंतापर्यंत नुसती काडी."

"पहिल्याच हिवाळ्यात?"

"मर्लला सांगायला गेलो होतो. खरंच गेलो होतो. तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, हॉलिस, तुझ्याकडे ती आहे म्हणून मला झोप लागते. मग कसं सांगायचं?"

"आणि मजेत आहे, मजेत आहे म्हणायचास ते?"

"एकदा म्हटल्यावर दर वर्षी म्हणावंच लागलं."

रोवेनाने शेडभर नजर फिरवली. मला वाटलं ती हसेल. पण ती संतापली, आणि हा संताप खरा होता, आधीच्यापेक्षा खरा. "म्हणजे आमच्याकडे एकच झाड होतं! डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं आणि आम्ही निवांत, का तर हॉलिसकडे आहे! ते उपटून नेलं असतं तर?"

"नेलं नाही ना."

"ते तुझ्यामुळे नाही!"

ती तरातरा निघून गेली. हॉलिस मला म्हणाला, "माफी मागायला आली होती ना?"

"आली होती," मी म्हणाले. "जरा वाट बघ."

तो हिवाळा दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. रिजवर गोष्ट मी माझ्या तोंडाने सगळ्यांना सांगितली, पण लोकांचं काय. काहींनी मान डोलावली. काही अजूनही म्हणतात की शेड आधीच रिकामी करून ठेवली असेल, हॉलिस काय कमी नाही. दोघा-तिघांना तर डोन्या लालावरच संशय आहे, फोटोत तर सगळे लांब केसवाले सारखेच दिसतात म्हणून. मर्लच्या खलाशाची गोष्ट मात्र कुणी पुन्हा काढली नाही. ब्रेकफास्ट कुठला असं कुणी विचारलं की रोवेना सांगते, दक्षिणेतल्या एका बाईच्या घरचा. मर्लने मागून आणला की न मागता, असं पुढे विचारलं तर म्हणते, मला माहीत नाही. आणि हे म्हणताना तिचा आवाज दर वेळी जरा कोरडा होतो. एलियाझरचा अधूनमधून फोन येतो. कंपनीच्या त्या माणसाचं काय करायचं यावर दोघं अर्धा अर्धा तास बोलतात.

मार्चमध्ये वादळात टॅनओक झाडाचं एक जुनं खोड रोवेनाच्या फाटकासमोर आडवं पडलं. सकाळी करवतीचा आवाज आला म्हणून मी गेले तर हॉलिस कापत होता आणि रोवेना फांद्या ओढून कडेला टाकत होती. कुणी कुणाला बोलावलं ते मी विचारलं नाही. खोडाचे तुकडे झाले, करवत बंद पडली, तेव्हा रोवेना ओंडक्यावर बसून हातमोजे काढत म्हणाली, "आणखी काय काय लपवलंयस, ते आत्ताच सांगून टाक."

हॉलिसने विचार केला. "तुझ्या त्या तांबड्या कोंबड्या. कोल्ह्याने नेल्या असं मी सांगितलं होतं."

"मग?"

"माझ्या कुत्र्याने."

"ते माहीत होतं मला," रोवेना म्हणाली आणि तिने थर्मासातली कॉफी त्याच्यासाठी झाकणात ओतली.